एकूण बेरीज दुप्पट का येते?

प्रश्न : मी एक्सेलमध्ये साहित्याच्या साठ्याची गटवार नोंद ठेवतो. प्रत्येक गटाखाली ‘सम’ या सूत्राने पोटबेरीज घेतली आहे. शेवटी संपूर्ण रकान्याची एकूण बेरीज घेतली, तर ती बरोबर दुप्पट येते. शिवाय काही ओळी लपवल्या तरी बेरजेत फरक पडत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : आकडा बरोबर दुप्पट येतो, हीच दोषाची खूण आहे. शेवटच्या सूत्रात मूळ नोंदींबरोबर पोटबेरजाही धरल्या जातात, त्यामुळे प्रत्येक नोंद दोनदा मोजली जाते. समजा, बी रकान्यात २ ते ४ या ओळींत ४०, ३५ आणि २५ असे आकडे असून ५ व्या ओळीत त्यांची पोटबेरीज १०० आहे. पुढे ६ व ७ या ओळींत ६० आणि ९० असून ८ व्या ओळीत पोटबेरीज १५० आहे. आता ९ व्या ओळीत २ ते ८ या ओळींची ‘सम’ने बेरीज घेतली, तर २५० ऐवजी ५०० येतील.

अनेकजण यावर उपाय म्हणून केवळ पोटबेरजांच्या चौकटी एकेक निवडून बेरीज करतात. उत्तर बरोबर येते, पण नवा गट वाढवल्यावर तो त्या सूत्रात घालायचा राहून जातो आणि ही चूक सहसा नजरेत येत नाही, म्हणून ती पद्धत मी सुचवणार नाही. त्याऐवजी ‘सबटोटल’ हे सूत्र वापरावे. ५ व्या ओळीत =सबटोटल(९,बी२:बी४), ८ व्या ओळीत =सबटोटल(९,बी६:बी७) आणि ९ व्या ओळीत =सबटोटल(९,बी२:बी८) असे लिहावे; प्रत्यक्ष टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरे व अंक वापरावेत. यातील ९ हा बेरजेचा सांकेतिक क्रमांक आहे. आपल्या कक्षेत दुसरे ‘सबटोटल’ आढळले की हे सूत्र ते वगळते, त्यामुळे एकूण बेरीज २५० च येते. मात्र सर्व पोटबेरजा याच सूत्राने घ्यायला हव्यात. ५ व्या ओळीत जुने ‘सम’ तसेच राहिले, तर ते १०० साध्या नोंदीप्रमाणे धरले जातील आणि एकूण बेरीज ३५० दिसेल. दुप्पट आकडा निदान खटकतो. असा अधलामधला आकडा खपून जातो, तेव्हा बदल करताना एकही गट सुटू देऊ नये.

लपवलेल्या ओळींचे म्हणाल, तर ‘सम’ त्या नेहमीच मोजते. ‘सबटोटल’मध्ये फिल्टरने गाळलेल्या ओळी आपोआप वगळल्या जातात, परंतु आपण हाताने लपवलेल्या ओळी वगळायच्या असतील, तर ९ च्या जागी १०९ लिहावे लागते. उभे रकाने लपवल्यास मात्र १०९ चाही उपयोग होत नाही.

‘डेटा’ मेनूतील ‘सबटोटल’ ही आज्ञा हीच सूत्रे स्वतः घालून देते, पण ती देण्यापूर्वी यादी गटाच्या रकान्यानुसार क्रमाने लावून घ्यावी. गटाचे नाव बदलले की आज्ञा तेथे पोटबेरीज घालते, त्यामुळे विखुरलेल्या यादीत एकाच गटाच्या तीन-चार पोटबेरजा पडतात.