पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) घेऊ की गिब्सनची लेस पॉल?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं अकूस्टिक वाजवताय, हात लहान आहेत, वाजवणं घरीच आणि कमी आवाजात होणार आहे, ब्लूज आवडतं आणि मधूनमधून जरा दणकट रॉकही. आणि विचाराल तो सांगतो की ‘स्ट्रॅट पातळ वाजते, लेस पॉल जाड वाजते’, त्यामुळे गोंधळ उडालाय.

ते वाक्य खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर गिटार घेऊ नका. माझ्याकडे दोन्ही घाटाच्या गिटारी आहेत. अस्सल जुन्या वगैरे नाहीत, त्याच आराखड्यावर बनलेल्या साध्याच. स्ट्रॅट अठरा वर्षं वाजवतोय, लेस पॉल बारा. आवाजातला फरक अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र), पेडल (आवाज बदलणारी डबी) आणि बोटं मिळून बराचसा झाकून टाकतात. हाताला जाणवणारा फरक मात्र काही केल्या झाकला जात नाही, आणि रोज गाठ पडते ती त्याच्याशीच.

कानावर किती विसंबायचं याचा एक नमुना. रॉक गिटारवादक जिमी पेज म्हटलं की डोळ्यांसमोर लेस पॉल येते. पण त्याच्या लेड झेपलिन या बँडचा पहिला अल्बम त्याने मुख्यत्वे टेलिकास्टरवर वाजवलाय, म्हणजे स्ट्रॅटच्या थोरल्या बहिणीवर. तो ऐकून ‘वा, काय लेस पॉलचा आवाज आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. त्यांच्यात एकेकाळी मीही होतो.

या दोन गिटारी इतक्या वेगळ्या का, ते त्या कुणी बनवल्या यावरून कळतं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1954 साली त्याने स्ट्रॅटोकास्टर आणली ती दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने: सपाट लाकडाची बॉडी, वर प्लास्टिकची पट्टी, त्या पट्टीलाच तिन्ही पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) आणि नॉब लटकवलेले, आणि मेपलची नेक, म्हणजे दांडा, चार स्क्रूंनी आवळलेली. काही बिघडलं तर स्क्रू काढा, भाग बदला. गिब्सन ही तेव्हा मिशिगनमधल्या कॅलामाझूची कंपनी, मँडोलिन आणि कोरीव पोटाच्या गिटारी बनवणारी. फेंडरच्या स्ट्रॅटआधीच्या सपाट गिटारी, टेलिकास्टरसारख्या, खपायला लागल्यावर त्यांनी 1952 मध्ये लेस पॉल या नामवंत वादकाचं नाव देऊन आपली भरीव गिटार काढली, पण हात सुताराचेच: महॉगनीच्या बॉडीवर मेपलचा फुगीर कोरलेला थर, नेक सरसाने जोडलेली, खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन.

गंमत म्हणजे आज देव्हाऱ्यात ठेवतात ती 1958 ते 1960 मधली लेस पॉल तेव्हा फारशी खपत नव्हती. गिब्सनने तो घाटच बंद केला. पुढे एरिक क्लॅप्टनसारख्या गिटारवादकांनी जुन्या गिटारी शोधून मोठ्या अ‍ॅम्पवर वाजवल्या, मागणी वाढली, तेव्हा कुठे 1968 मध्ये ती परत आली. आणि हाच क्लॅप्टन पुढे वर्षानुवर्षं स्ट्रॅट घेऊन उभा राहिला.

आता तुमच्या लहान हातांकडे येतो. स्ट्रॅटची तार नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीस. हे वाचून सगळे सांगतात, हात लहान तर लेस पॉल. पण हिशेब करून बघा: पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) स्ट्रॅटवर नटपासून सुमारे 36.4 मिलिमीटरवर येतो आणि लेस पॉलवर 35.3 वर. म्हणजे फरक जेमतेम एक मिलिमीटर, आणि वर जाल तसा दोन फ्रेटमधल्या अंतरांतला हा फरकही कमी होतो. लहान हाताला त्रास होतो तो नेकच्या जाडीचा. ती दोन्ही घाटांत मॉडेलप्रमाणे बदलते, हातात धरल्याशिवाय कळत नाही. माझ्या लेस पॉलची नेक क्रिकेटच्या बॅटच्या दांड्यासारखी आहे. आखूड असूनही लहान हाताला ती आवडणार नाही.

लांबीचा खरा परिणाम होतो तो ताणावर. तीच तार, तोच सूर, पण लांबी कमी असल्यामुळे लेस पॉलवर ताण साधारण सहा टक्के कमी बसतो. आकडा किरकोळ वाटेल, पण ब्लूजमध्ये अर्धा वेळ तारा ओढण्यातच, म्हणजे बाजूला ताणून सूर चढवण्यातच, जातो. लेस पॉलवर तिसरी तार पूर्ण सूर वर नेताना बोट सहज पोचतं. स्ट्रॅटवर तिथेच जरा झगडावं लागतं, आणि तिच्या ब्रिजमागे स्प्रिंगा असल्यामुळे एक तार ओढली की बाकीच्या किंचित उतरतात. दोन तारा एकत्र वाजवून एकच ओढायची असेल तर हे स्पष्ट ऐकू येतं. (स्प्रिंगांवरचा हा ब्रिज हलवायला एक दांडी असते. तिला फेंडरने ‘ट्रेमोलो’ म्हटलं, जे खरं तर आवाज कमी-जास्त होण्याचं नाव, दांडी सूर हलवते, म्हणजे व्हायब्रेटो. आणि अ‍ॅम्पवर जिथे खरा ट्रेमोलो होता, तिथे त्याच कंपनीने ‘व्हायब्रेटो’ छापलं!) दांडी वापरायची नसेल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगा आवळा, ब्रिज बॉडीला टेकवून टाका. माझा कित्येक वर्षं तसाच टेकवलेला आहे.

फिंगरबोर्डचा (नेकवरची, बोटं दाबायची फळी) गोलवाही बघा. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटवर त्याची त्रिज्या सव्वासात इंच असते. कॉर्ड धरायला मऊ, पण वरच्या फ्रेटवर तार जोरात ओढली की ती पुढच्या फ्रेटला टेकून सूर गुदमरतो. नव्या बहुतेक साडेनऊ इंचांच्या येतात, तिथे हा त्रास कमी. लेस पॉल बारा इंचांची, जवळपास सपाट.

घरी कमी आवाजात वाजवणार म्हणालात, तर सगळ्यात आधी विचार करायचा तो घूं आवाजाचा. स्ट्रॅटचे पिकअप एकेका कॉइलचे, म्हणजे बारीक तारेच्या एकाच वेटोळ्याचे. घरातल्या वायरिंगची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण ती कॉइल अँटेनासारखी पकडते. स्वच्छ आवाजात लक्षातही येत नाही, पण गेन, म्हणजे आवाज फाटका-दणकट करणारा नॉब, वाढवलात की दोन स्वरांमधली शांतता या घूंने भरून जाते. कॉम्प्युटरसमोर बसून रेकॉर्ड करताना मी अजूनही एक जुना खेळ करतो: गिटार मांडीवर घेऊन खुर्ची हळूहळू फिरवायची. एका कोनात घूं जवळजवळ मरते. मग स्क्रीनकडे पाठ करून, मान वळवून वाजवायचं. अठरा वर्षांत माझी मान याला सरावली आहे.

लेस पॉलवर हा प्रश्न सेथ लव्हर या गिब्सनच्या इंजिनिअरने सोडवला. त्याचे हंबकर पिकअप 1957 पासून लेस पॉलवर बसायला लागले; त्याआधीच्या लेस पॉल एका कॉइलच्याच होत्या. कल्पना अशी: शेजारी दोन कॉइल, दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. तारेचा सिग्नल दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच होतो, आणि दोन्ही कॉइलींचा मिळून वाढतो. बाहेरून आलेल्या घूंचा चुंबकाशी काही संबंध नसतो, ती वेढ्यांमुळे एकदाच उलटते आणि पहिलीतल्या घूंला खाऊन टाकते. तो प्रसिद्ध ‘जाड’ आवाज यातूनच येतो: तारेचा जास्त रुंद भाग एकदम ऐकला जातो, त्यात सर्वांत तीक्ष्ण किनार हरवते.

स्ट्रॅटकडेही याचं अर्धं उत्तर आहे. पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला की दोन पिकअप एकत्र चालतात, आणि मधला उलट्या वेढ्यांचा असेल, आजकाल बहुधा असतोच, तर घूं जाते. तो पोकळ, किंचित नाकातला आवाज लेस पॉलला कितीही दामटलं तरी निघत नाही. मूळ स्ट्रॅटवर या जागाच नव्हत्या. स्विच तीन जागांचा होता आणि वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो 1977 मध्ये.

बाकी अंगाला लागणाऱ्या गोष्टी. लेस पॉल सहज चार किलोंच्या वर जाते. दोन तास उभं राहिलं की डावा खांदा बोलायला लागतो. बसून वाजवणाऱ्याला फरक पडत नाही, फक्त तिची कड उजव्या हाताला टोचते. स्ट्रॅट तिथे तासलेली असते, पोटापाशीही. पंधराव्या-सोळाव्या फ्रेटच्या पुढे लेस पॉलवर नेकच्या जोडाचं ठोकळ्यासारखं लाकूड आडवं येतं. उलट स्ट्रॅटचा व्हॉल्यूम करंगळीच्या इतका जवळ असतो की सुरुवातीला जोरात स्ट्रम करताना मी तो नकळत बंद करायचो. नंतर त्याच करंगळीने स्वर शून्यातून फुलवायला शिकलो.

आता लेस पॉलची दुखरी नस. तिचं डोकं मागे झुकलेलं असतं, साधारण 17 अंशांनी. तिथे महॉगनीचे रेषे आडवे कापले जातात, आणि नेमक्या त्याच जागी ट्रस रॉडच्या, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या सळईच्या, चाकीसाठी खड्डा कोरलेला असतो. मी माझी एकदा खुर्चीला टेकवून पाणी प्यायला उठलो. मागे वळेपर्यंत ती घसरली होती. पडायचा आवाज फार झाला नाही, फक्त एक कोरडा ‘टक्’. डोकं तारांच्या आधाराने लोंबकळत होतं. कारागिराने सरस लावून, क्लँप करून जोडली. आज बोट फिरवलं तर केसाएवढी रेष लागते, आवाजात काही फरक नाही. स्ट्रॅट माझ्या हातून निदान चारदा पडली आहे. तिचे पोपडे गेलेत, बाकी काही झालेलं नाही.

दुसरी खोड लहान आहे. लेस पॉलच्या तिसऱ्या आणि चौथ्या तारा नटमधून निघून खुंट्यांकडे जाताना बाजूला वाकतात, म्हणून खाचेत अडकतात. सूर लावताना बारीक ‘टिक’ ऐकू आलं की समजा तार अडकून सुटली आणि आता सूर वर गेला. नव्या तारा चढवताना खाचेत पेन्सिलचं टोक घासा, शिसं वंगणाचं काम करतं.

तुमच्या जागी मी असतो तर लेस पॉलच्या घाटाची, पण पातळ नेकची गिटार घेतली असती. घरात, गेन वाढवून, तारा ओढत ब्लूज वाजवायचं असेल तर आखूड लांबी आणि शांत पिकअप या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. हे सांगणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक संध्याकाळी स्ट्रॅट असते, हेही सांगून टाकतो. पण मला स्वच्छ आवाजात कॉर्ड वाजवायला आवडतात, प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी असते. तुमचंही मन पुढे तिकडे वळलं तर गोष्ट वेगळी. ब्रिजपाशी एक हंबकर बसवलेली स्ट्रॅट हा मधला मार्गही आहे, आणि तो वाईट नाही.

घेण्याआधी दोन्ही हातात घ्या, आणि आधी अ‍ॅम्पशिवाय. बसून दहा मिनिटं, मग उभं राहून दहा मिनिटं, पट्ट्यासकट. पंधराव्या फ्रेटवर तिसरी तार पूर्ण सूर ओढून सूर गुदमरतो का ते ऐका. मग अ‍ॅम्प लावा, गेन चढवा आणि तारांवर हात ठेवून काहीच वाजवू नका. जे ऐकू येईल ते रोज घरी ऐकायची तयारी आहे का, ते ठरवा. आणि लेस पॉलच घेतलीत तर त्याच दिवशी स्टँडही घ्या.