चमत्कारावर विश्वास ठेवू की इन्सुलिनवर?

पत्र (थोडं कापून): मावशी, आम्ही श्रीरामपूरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. मी नोकरीमुळे पिंपरीत असते. आईला चौदा वर्षं डायबेटीस आहे. भाऊ वर्षभर एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेला, जातोय, आईलाही नेतो. दोन महिन्यांपूर्वी तिने स्टेजवर साक्ष दिली की प्रभूने मला बरं केलं, आणि इन्सुलिन बंद केलं. आता शुगर 380, पायाच्या अंगठ्याला जखम आहे ती काळी पडत चाललीय. भाऊ म्हणतो परत सुई घेतली तर तो अविश्वास, आणि तुझ्यासारख्यांच्या शंकेमुळेच बरं होणं अडतं. मला खरंच कळत नाही, आजच्या काळात चमत्कार होतात का? नाही म्हटलं तर माझा विश्वास गेला का? आणि हो म्हटलं तर तिला इन्सुलिन कुठल्या तोंडाने देऊ?

मावशीचं उत्तर:

अगं पोरी, आधी पाय. उरलेलं पत्र नंतर वाच. शुगर 380 आणि अंगठा काळा म्हणजे आजच्या आज डॉक्टर, उद्या नाही, रविवारची उपासना झाल्यावर तर नाहीच. रजा टाक, गाडी पकड, भावाशी वाद घालत बसू नकोस. त्याला सांग तू मागच्या सीटवर बसून प्रार्थना कर, मी ड्रायव्हरला रस्ता सांगते.

गेलीस? आता बोलू.

चमत्कार होतात का यावर आपल्या ख्रिस्ती लोकांचं एकमत कधीच नव्हतं, त्यामुळे तुला शंका आली म्हणून तू काही मंडळीबाहेर पडली नाहीस. अमेरिकेत प्रिन्स्टनला वॉरफील्ड नावाचे मोठे धर्मपंडित होते, त्यांनी 1918 साली पुस्तकच लिहिलं की चमत्काराची दानं प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळाबरोबर संपली. आणि या माणसाने आजारी बायकोची वर्षानुवर्षं घरात राहून सेवा केली बरं का, म्हणजे दुखणं काय असतं ते त्याला माहीत होतं. उलट बाजूला सोळाशे वर्षांपूर्वीचे बिशप संत ऑगस्टीन. तरुणपणी तेही म्हणायचे की तसले चमत्कार आता होत नाहीत, पण म्हातारपणी मत बदललं आणि त्यांच्या हिप्पो गावात दोन वर्षांच्या आत सत्तरच्या आसपास चमत्कारांची लेखी नोंद झाल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. ऑगस्टीनना मत बदलायला अर्धं आयुष्य लागलं, तुला भाऊ दोन महिने पण देत नाही.

आणि लांब कशाला जायचं, आपलं केडगाव घे. 1905 च्या जून महिन्यात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली प्रार्थना करता करता रडायला लागल्या, एका मुलीभोवती आग दिसली म्हणून कुणीतरी पाण्याची बादली आणायला धावलं असं सांगतात. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं ते गाजलेलं जागरण, म्हणजे अशीच प्रार्थनेची लाट, 1906 चं, आपल्या पुणे जिल्ह्यातलं त्याच्या आधीचं! तुझ्या भावाच्या सभेतली मंडळी टाळ्या वाजवून जे करतात त्याची एक मुळी केडगावात आहे, म्हणून त्याला येडा ठरवू नकोस. पण त्याच रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली, आणि पुढच्या वर्षी रमाबाई. आता रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का, तर भावाला एकदा विचार, भांडणाच्या सुरात नाही, नुसतं विचार.

मला स्वतःला विचारशील तर होतात, क्वचित, आणि मागून मिळत नाहीत. माझ्या नवऱ्यासाठी आख्ख्या मंडळीने उपास-प्रार्थना केली होती, तो गेला. मातीच्या दिवशी एका बाईने माझ्या कानात विचारलं की घरात काही पाप लपवलंय का. पंचवीस वर्षं झाली, तिने आणलेला चहा मी घेतला नव्हता हे अजून आठवतं. त्यामुळे तुझ्या भावाच्या त्या एका वाक्याचा मला फार राग आलाय, खोटं कशाला बोलू. बायबलातल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा तसाच राहिला. त्रफिम नावाच्या सोबत्याला तो मिलेत गावात आजारी सोडून पुढे गेला. तरुण साथीदार तीमथ्याला म्हणाला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. आणि लूक तर वैद्यच होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. यातल्या कुणाला पौलाने तुझा विश्वास कमी आहे असं ऐकवलेलं मला तरी बायबलात सापडलेलं नाही.

पण खरी गाठ भावाशी नाहीच आहे असं मला वाटतं, ती आईशी आहे. तिने माईकवर चारशे लोकांसमोर सांगितलं मी बरी झाले. आता सुई घेतली तर साक्ष खोटी पडते, लोक काय म्हणतील, देवाला काय वाटेल. ती बाई शरमेने गप्प आहे गं. तिला लेक्चर देऊ नकोस. तिला फक्त ती कुष्ठरोग्याची गोष्ट वाचून दाखव, प्रभू त्याला बरं करतो आणि लगेच काय म्हणतो? जा, स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी बरा झालास की नाही ते तपासून सांगणारा माणूस याजकच होता. म्हणजे तपासून घ्या हे येशूच सांगतोय! कॅथलिक लोक तर यात फार कडक असतात, फ्रान्समध्ये लूर्दला 1858 पासून सात हजारांहून जास्त लोकांनी बरं झाल्याचं कळवलंय, डॉक्टरांची समिती बसते, वर्षानुवर्षं फाईल चालते, आणि चर्चने मान्य केले ते सत्तरच्या थोडे वर. जिला तिथे दर्शन झालं ती बर्नडेट स्वतः पस्तिसाव्या वर्षी टीबीने गेली.

तर आईला म्हण, प्रभूने बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल, चल याजकाला दाखवून येऊ. नसेल दिसत तर तुझी साक्ष खोटी नाही, त्या दिवशी तुला बरं वाटलं होतं तेवढंच तू बोललीस. भावालाही यात विरोध करायला जागा नाही. आणि याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, तर तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलव, भावाच्या सभेतल्या एखाद्या समजूतदार माणसालाही बोलव, सगळ्यांसमोर प्रार्थना होऊ दे आणि प्रार्थनेनंतर जेवायच्या आधी तिथेच सगळ्यांदेखत सुई. डोस मात्र डॉक्टर आता नव्याने सांगेल तोच, जुना डोस आपल्या मनाने सुरू करायचा नाही.

सभेतला कुणी औषध बंदच करा म्हणून अडून बसला, किंवा प्रार्थनेचे पैसे मागितले, तर तिथून आईला उठवून आण, भाऊ आठवडाभर बोलला नाही तरी चालेल.

पायाचं काय झालं ते मला कळव. अंगठा वाचला का एवढंच लिहिलंस तरी पुरे.