विचारा, सांगतो : गाव फेब्रुवारीत मोजलं तर

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळेच्या स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहायला घेतला आहे. जनगणनेच्या पुस्तिकांत गावाची लोकसंख्या दर खेपेला थोडी घटलेली दिसते. गावात मात्र घरं वाढली आहेत, आणि मतदार यादीत जनगणनेतल्या मोठ्या माणसांपेक्षा जास्त नावं आहेत. म्हातारी माणसं म्हणतात, पटकीने (कॉलऱ्याने) आणि दुष्काळाने गाव बसलं. खरं काय मानायचं?

उत्तर : गुरुजी, पटकी-दुष्काळाकडे नंतर येतो. आधी सांगा, तुमच्या गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, किती?

२०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या आधीच्या दोन जनगणनाही फेब्रुवारीतच झाल्या. नियम असा की त्या वीस दिवसांत माणूस थोडा वेळ जरी आपल्या घरी आला असेल, तर त्याची नोंद घरी. सगळाच काळ बाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे. आता फेब्रुवारीत आष्टी-पाटोद्याचा माणूस कुठे असतो? दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) अंगावर घेऊन नवरा-बायको ऊसतोडीच्या गाडीत बसतात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. म्हणजे तुमच्या गावची माणसं कारखान्याच्या गावात मोजली गेली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी तलाठी. १९९१ साली माझा सज्जा, म्हणजे माझ्याकडची गावं, साखर कारखान्याच्या भागात होता आणि जनगणनेचं काम आमच्याही गळ्यात होतं. प्रगणक म्हणजे तुमच्यासारखे गुरुजी. आम्ही संध्याकाळी ऊसतोड्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जायचो, कारण दिवसा फडात कुणी हाती लागत नसे. चुलीवर भाकरी, बाजूला बैल, बाई पिठाच्या हातानेच उत्तरं देत होती. मूळ गाव विचारलं की आष्टी, पाटोदा, पाथर्डी. एका ओळीतल्या कोप्याच्या कोप्या एकाच गावच्या निघायच्या. आमच्या गावची लोकसंख्या त्या साली छान फुगली. सरपंच खूश होते. ती माणसं महिना-दीड महिन्यात निघून जाणार, हे कागदाला कुठे ठाऊक!

यात आणखी एक मेख आहे. कडेवरचं पोर आईबरोबर जातं. शाळेतलं पोर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. त्यामुळे तुमच्या गावच्या आकड्यात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं पुरती येतात, मधली कर्ती पिढी आणि तान्ही मुलं गळतात. मतदार यादीत मात्र सगळी आहेत, कारण घर, रेशनकार्ड आणि भावकी गावातच आहे. मतदानाच्या दिवशी उमेदवार गाड्या पाठवून त्यांना आणतातच. शिवाय घरयादी वेगळ्या वेळी, आदल्या वर्षी होते, आणि माणसं मोजायला जाईपर्यंत दाराला कुलूप. घरं वाढली आणि माणसं घटली, या दोन्ही गोष्टी म्हणूनच एका वेळी खऱ्या असू शकतात. मतदार यादीही सोवळी नाही, पुण्याला कायमचे गेलेले आणि वारलेलेही तिच्यात सापडतील.

उसावर ढकलता न येणारा एक आकडा आहे. २०११ साली बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. आईबरोबर मुलगाही जातो आणि मुलगीही जाते, तेव्हा ही तूट स्थलांतराची नाही. स्मरणिकेत पालखी आणि गावजत्रा येईलच, ही ओळही येऊ द्या. सरपंच नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता म्हाताऱ्यांचं म्हणणं. तेही पोकळ नाही, फक्त त्यांच्या आज्याच्या काळातलं आहे. तुमचा मुलूख निजामाचा. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत घटली, ती छप्पन्याच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळामुळे आणि रोगराईमुळे. १९११ ते १९२१ या दशकात ती पुन्हा घटली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने त्या वेळी घरंच्या घरं उठली. १९५१ चा आकडा वाचताना रझाकारांचे दिवस आठवा. सरहद्दीवरच्या गावांतली माणसं तेव्हा जीव मुठीत धरून अलीकडे नगरच्या बाजूला आली होती. त्यातली सगळी परत गेली असं नाही. ७२ च्या दुष्काळाचा हिशेब १९७१ आणि १९८१ च्या मध्ये शोधा. दुष्काळी कामावर झालेल्या तुमच्या पाझर तलावाची तारीख बहुधा तिथेच निघेल.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी तपासा. प्रत्येक जनगणनेला गावाची शीव तीच होती का? जनगणना महसुली गाव धरून चालते. मधल्या काळात एखादी वाडी किंवा तांडा स्वतंत्र महसुली गाव झाला, तर कागदावर तुमचं गाव एका रात्रीत रोडावतं आणि प्रत्यक्षात एक माणूस हललेला नसतो. तहसीलला जाऊन विचारा.

जुन्या कागदांसाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरात हेलपाटा घालण्याआधी तुमचं गाव दिवाणी (थेट सरकारी) होतं, सर्फ-ए-खास (निजामाच्या खासगीतलं) की जहागिरीचं, हे शोधा. जहागिऱ्या १९४९ साली गेल्या, पण कागद कुणाच्या हाताखाली पडले ते त्यावरून कळतं. तलाठ्याकडे १९५४ चं खासरा पाहणीपत्रक मागा. मराठवाड्यात तोच पाया आहे. कोणत्या शेतात कोण, विहीर कुठे, झाडं किती, सगळं त्यात आहे. जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं शिल्लक असतील तर सोनं समजा. साथीच्या वर्षी पानामागून पानं मृत्यूंची भरलेली दिसतात. लिपी मोडी असेल किंवा उर्दू. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून ही दप्तरं कपाटांतून बाहेर आली आहेत, तेव्हा आता "सापडत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. कागदावर फसली सन (निजामी महसुली वर्ष) असेल तर त्यात ५९० मिळवा, एखादं वर्ष मागेपुढे धरा. आणि हैदराबाद गॅझेटियर सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी असलं, तरी त्यात जिल्ह्या-तालुक्याचे आकडे पाहायचे. आपल्या वाडीचं नाव शोधत बसायचं नाही.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे. म्हणजे पुन्हा ऐन हंगाम. पद्धत तीच राहिली तर तुमचा आकडा पुन्हा घटणार. तुम्हालाच प्रगणक नेमतील, ती गोष्ट वेगळी. पण त्याआधी अक्षय तृतीयेच्या सुमाराला, लग्नसराईत सगळे कोयते घरी असतील तेव्हा, पोरांना घेऊन उंबरा-उंबरा मोजा. किती माणसं, किती महिने बाहेर, कुठल्या कारखान्यावर. स्मरणिकेत तो तक्ता छापा आणि शेजारी सरकारी आकडा.

प्रश्न : माझं सासर पुण्याजवळचं पिंपळे सौदागर. नातवाला सांगते की इथे शेतं होती, तर तो हसतो. त्याला दाखवण्यासारखं काही मिळेल का?

उत्तर : ताई, मिळेल, आणि भरपूर मिळेल. तुमच्या गावाइतकं नशीबवान गाव विरळा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी या एका गावाची घर-शेत पाहणी करून ती १९१७ साली छापली. त्यांनी जुने कागद लावून दाखवलं की १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्ये ७. १५६ मालक आणि जमिनीचे तुकडे ७२९! त्यातले ४६३ एकराच्या आतले, ११२ तर पाव एकराच्याही आतले. आम्ही तलाठी खातेफोडीला (वारसांत जमीन वाटून देण्याला) कावतो, पण हे दुखणं किती जुनं आहे बघा. गावातली माणसं तेव्हाच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जाऊ लागली होती, म्हणजे शेत सुटायची सुरुवात बिल्डर येण्याच्या कितीतरी आधीची.

नातवाला तुमच्या सोसायटीच्या कागदांतला सर्व्हे नंबर दाखवा, आणि भूमी अभिलेखातून त्या नंबराचा जुना नकाशा काढा. लिफ्ट कुणाच्या बांधावर उभी आहे ते त्याला कळेल. मान यांचं काम आवडलं तर लोणीकंदचंही बघा. थॉमस कोट्स या डॉक्टराने १८२० मध्ये त्या गावाचं वर्णन लिहिलं, आणि सव्वाशे वर्षांनंतरचं तेच गाव समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी पुन्हा अभ्यासलं.

प्रश्न : गावाच्या वेशीवर कमान होते आहे. त्यावर "स्थापना" घालायची आहे. आमचं गाव शिवकालीन आहे हे कसं सिद्ध करता येईल?

उत्तर : "शिवकालीन" आधी ठरवून पुरावा शोधणार असाल तर माझी गरज नाही, रंगारी पुरे. खरंच शोधायचं असेल तर मारुतीच्या पाराशी वीरगळ किंवा सतीशिळा (वीराच्या किंवा सतीच्या स्मरणाचा कोरीव दगड) आहे का ते पाहा. असली तर तिला शेंदूर फासू नका, कोरीवकाम बुजतं. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर खापरं दिसतील, ती उकरू नका, जाणकाराला दाखवा. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि गाव सांगितलं की वही निघते, आणि पूर्वजांच्या हाताच्या नोंदी मिळतात. त्यातून गावाचं नाव कोणत्या साली चालू होतं एवढं कळतं, गाव कधी वसलं ते नाही. म्हणून कमानीवर "स्थापना" नको. "सर्वांत जुनी नोंद" असं लिहा आणि खाली सन घाला.