चित्रकार व्हायचे आहे, पण नोकरीचे काय?

चित्रकलेची पदविका घेतलेली, पंचविशी ओलांडलेली एक तरुणी माझ्याकडे सल्ला घ्यायला आली, तेव्हा राजीनाम्याचा मसुदा तिने लिहूनच आणला होता. जाहिरातींची मांडणी करण्याची नोकरी सोडून तिला पूर्णवेळ चित्रकार व्हायचे होते, आणि चित्रांवर पोट भरत नाही, असे घरच्यांचे म्हणणे होते. ‘माझ्यात तेवढी प्रतिभा आहे का, हे तुम्हीच सांगा,’ असे ती म्हणाली. हा प्रश्न अनेक जण विचारतात. चित्रांची पारख हे माझे काम नव्हे, असे मी त्यांना स्पष्ट सांगतो.

त्याऐवजी गेल्या वर्षभरात किती चित्रे पूर्ण झाली, असे मी विचारले. फारच थोडी झाली होती, आणि वेळ मिळत नाही हे कारण तिच्या ओठांवर तयार होते. आठवड्याचा हिशेब मांडल्यावर मात्र दिसले की संध्याकाळी दोन-तीन तास मोकळे असत. परंतु दिवसभर दुसऱ्यांसाठी रंग आणि रचना ठरवून झाल्यावर कॅनव्हाससमोर उभे राहण्याची इच्छाच उरत नसे. कलेच्या जवळची नोकरी कलावंताला पोषक असते, हा समज मला फारसा पटत नाही, कारण अशी नोकरी नेमकी तीच शक्ती खर्च करते जी स्वतःच्या चित्राला हवी असते. उलट, फ्रेंच चित्रकार आंरी रूसो पॅरिसच्या जकात विभागात नोकरी करत होता आणि १८८६ पासून, नोकरीत असतानाच, प्रदर्शनांत चित्रे मांडत होता. तो निवृत्त झाला १८९३ मध्ये. नोकरी असावी की नसावी यापेक्षा कोणती नोकरी हात आणि डोळे ताजे ठेवते, याचा विचार आम्ही पुढे बराच काळ केला.

पैशांचे गणित तिने ढोबळ मांडले होते: चित्राची किंमत गुणिले चित्रांची संख्या. कलादालने अनेकदा विक्रीच्या निम्म्यापर्यंत वाटा घेतात आणि उरलेल्या रकमेतून रंग, कॅनव्हास, फ्रेम व वाहतूक भागवावी लागते, हे कागदावर उतरल्यावर ती गप्प झाली. उपाशी राहून चित्रे काढणाऱ्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे उदाहरणही तिने दिले. १८८० नंतरच्या त्याच्या कलाजीवनाला त्याचा भाऊ थिओ नियमित पैसे पाठवून आधार देत होता, आणि थिओ स्वतः चित्रांचा व्यापारी होता, हे सांगताना लोक सहसा विसरतात.

पुढच्या भेटीला आईवडील आले. वडिलांना ‘आणखी किती वर्षे?’ याचे उत्तर हवे होते, आणि ते विचारणे गैर नव्हते. बचतीतून किती खर्च करायचा याची मर्यादा आणि आढाव्यासाठी दोन वर्षांची मुदत ठरली. मात्र आढावा विक्रीचा नव्हे, तर एका विषयाभोवतीची, एकत्र मांडता येईल अशी चित्रमालिका तयार झाली की नाही याचा घ्यायचा, हा आग्रह मी धरला, कारण नवख्या चित्रकाराची विक्री त्याच्या हातात नसते, काम असते.

राजीनामा तिने दिला, पण लहान मुलांना चित्रकला शिकवण्याचे अर्धवेळ काम पक्के झाल्यावर. मिळकत घटली आहे. मालिकेतील निम्मी चित्रे झाली आहेत. त्यांची छायाचित्रे तिने दोन कलादालनांना पाठवली, त्यांपैकी एकाने नकार कळवला आणि दुसऱ्याने पूर्ण मालिका झाल्यावर पुन्हा संपर्क साधण्यास सांगितले आहे.