श्रीमंत, मध्यममार्गी उमेदवार अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मतदारांमध्ये उत्साह निर्माण करू शकतो का?

करू शकतो, पण त्यासाठी त्याला कुणाशी तरी उघड वैर घ्यावं लागतं. या प्रकारच्या उमेदवाराला नेमकं तेच नको असतं.

नुसत्या श्रीमंतीचं अमेरिकन मतदाराला वावडं नाही. जॉन केनेडींचे वडील एवढे गब्बर, की १९५८ मध्ये पत्रकारांच्या मेजवानीत केनेडींनी स्वतःच त्यावर विनोद केला. वडिलांची तार आली आहे असं सांगून ती वाचून दाखवली: गरजेपेक्षा एकही मत जास्त विकत घेऊ नकोस, दणदणीत विजयाचं बिल मी भरणार नाही! फ्रँकलिन रूझवेल्ट तर पिढीजात श्रीमंत. १९३६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत ते म्हणाले, की मक्तेदार, सट्टेबाज, बेदरकार सावकार हे सगळे माझा द्वेष करतात आणि त्या द्वेषाचं मी स्वागत करतो. त्या वर्षी ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी जिंकली. त्यांच्या तिजोरीत किती आहे याच्याशी लोकांना देणंघेणं नव्हतं. हा माणूस कुणाच्या अंगावर जातोय ते दिसत होतं.

आता २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध उभे राहिलेले रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी बघा. माणूस कर्तबगार. मॅसॅच्युसेट्ससारख्या डेमोक्रॅटिक राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर, २००६ मध्ये तिथे जवळपास सगळ्यांना आरोग्यविमा देणारा कायदा केला. खरं तर हीच त्यांची पुंजी. पण ओबामांचा आरोग्य कायदा त्याच धर्तीवरचा निघाला आणि पक्षांतर्गत निवडणूक जिंकायची तर त्याबद्दल अवघडून बोलणं भाग पडलं. वर स्वतःला कट्टर परंपरावादी म्हणवून घ्यावं लागलं. मध्यममार्ग असा झाकून ठेवल्यावर दिसायला उरली ती फक्त श्रीमंती. आणि तीही कशी दिसावी? टीव्हीवरच्या वादात प्रतिस्पर्ध्याला म्हणाले, लावतोस दहा हजार डॉलरची पैज? डेट्रॉइटमध्ये गाड्यांचं कौतुक करताना बायकोकडे दोन कॅडिलॅक आहेत हे सांगून बसले. डेटोनाला मोटारशर्यतीच्या मैदानावर कुणीतरी विचारलं, शर्यती बघता का? उत्तर आलं, फार नाही, पण संघांचे मालक असलेले काही चांगले मित्र आहेत. मला यात उर्मटपणा दिसत नाही, उलट बिचारे जवळीक साधायला बघत होते. पण स्टँडमध्ये तिकीट काढून बसलेल्याला काय ऐकू आलं असेल!

मग सप्टेंबरात तो व्हिडिओ बाहेर आला. फ्लोरिडातल्या देणगीदारांच्या खासगी जेवणावळीत ते सांगताहेत, की ४७ टक्के लोक काहीही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत. नोव्हेंबरात मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी ज्यांना ‘आपल्यासारख्यांची काळजी’ हा गुण सर्वांत महत्त्वाचा वाटत होता, त्यांच्यात ओबामा ८१ टक्के, रॉम्नी १८. देशभरात रॉम्नींना मतं पडली ४७.२ टक्के. दैवाचीही चेष्टा असते.

न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला उतरले, ते मी जवळून पाहिलं, कारण मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. २०२० चा फेब्रुवारीभर टीव्ही लावा, यूट्यूब लावा, ब्लूमबर्गच. त्यांनी स्वतःच्या खिशातले सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले. नोकरीवर घेतलेल्या कार्यकर्त्यांना बाकीच्या उमेदवारांपेक्षा कितीतरी जास्त पगार होता. आपल्याकडे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणतात ना, तो मात्र पगारावर मिळत नाही. १९ फेब्रुवारीला लास व्हेगासच्या वादात त्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांना विचारलं, की तुमच्या कंपनीतल्या ज्या स्त्रियांना करार करून गप्प बसवलंय, त्यांना बोलायची मुभा देणार का? ब्लूमबर्ग चाचरले. महागड्या जाहिरातींनी उभी केलेली प्रतिमा एका संध्याकाळी खाली आली. ३ मार्चला आमच्या राज्यातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांना १३ टक्क्यांच्या आसपास मतं, आणि इथे फारसा खर्च न केलेले बायडन जिंकले. ब्लूमबर्ग यांनी जिंकलं ते फक्त अमेरिकन सामोआ, दूर पॅसिफिकमधली बेटं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली.

बायडनही मध्यममार्गीच होते, हा मुद्दा तुम्ही काढाल. बरोबर आहे. पण त्या वर्षीचा उत्साह ट्रम्प यांना घालवण्याचा होता. तो आयता मिळाला, बायडनना पेटवावा लागला नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळ जातात १९९२ चे अपक्ष उमेदवार रॉस पेरो. अब्जाधीश, ना धड डावे ना धड उजवे, टीव्हीवर अर्धा अर्धा तास विकत घेऊन हातात तक्ते धरून राष्ट्रीय कर्जाचे आकडे समजावायचे. जुलैत शर्यत सोडली, ऑक्टोबरात परत आले, तरी जवळपास १९ टक्के मतं पडली! आकडेमोड कंटाळवाणी होती, पण वॉशिंग्टनमधले दोन्ही पक्ष मिळून देश बुडवताहेत हे ते तोंडावर सांगायचे. एवढं करूनही एकही राज्य हाती लागलं नाही, कारण अध्यक्ष निवडताना इथे बहुतेक राज्यांत पहिल्या आलेल्यालाच त्या राज्याच्या वाट्याची सगळी प्रतिनिधी-मतं जातात.