सल्लागाराने रिटर्नमध्ये चूक केली, आता काय?

प्रश्न : कर सल्लागाराने आर्थिक वर्ष 2024-25च्या रिटर्नमध्ये एफडीचे 36,000 रुपये व्याज दाखवलेच नाही. टीडीएस कापलेला नाही. चूक आता लक्षात आली. दंड त्याने भरायचा की मी?

उत्तर : आयकर खात्यापुढे जबाबदार तुम्हीच, रिटर्न कोणीही भरले तरी ते तुमच्या नावाचे असते. नोटिशीची वाट पाहू नका. व्याजाचा आकडा बँक आधीच कळवते, तो तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसेल.

सुधारित रिटर्नची 31 डिसेंबर 2025 ही मुदत उलटली असेल, तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू भरा. तुमचा स्लॅब 20 टक्क्यांचा धरला तर कर 7,200 आणि सेस 288, एकूण 7,488 रुपये. 31 मार्च 2027पर्यंत भरल्यास त्यावर 25 टक्के जादा कर, म्हणजे 1,872 रुपये. कर उशिरा भरल्याचे व्याज लागत असेल तर ते वेगळे, आणि त्यावरही 25 टक्के. त्यानंतरच्या वर्षात हाच दर 50 टक्के होतो. आधी 'ई-पे टॅक्स'मधून रक्कम भरा, मग चलनाचा तपशील रिटर्नमध्ये टाका. एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतो, म्हणून यावेळी एआयएसची ओळन् ओळ स्वतः ताडून पाहा. राहिलेले उत्पन्न दाखवायला 'रेक्टिफिकेशन'चा, म्हणजे चूकदुरुस्तीचा अर्ज चालत नाही. बरेच जण इथेच फसतात.

आयकर पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल सल्लागाराचा असेल तर आजच बदला, नाहीतर नोटीस त्यालाच जाईल. जादा रकमेची भरपाई त्याच्याकडे लेखी मागा.