'चक्कर' एक, कोड तीन

तुम्ही विचारलंय की दवाखान्याच्या सॉफ्टवेअरसाठी लक्षणांची यादी मराठीत करताय, तर डिझिनेस (मोघम चक्कर), व्हर्टिगो (गरगरणं) आणि सिंकोप (शुद्ध हरपणं) तिन्हींपुढे 'चक्कर येणे' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते अजिबात नको.

बोलताना आपण कशालाही चक्कर म्हणतो, उन्हातून आल्यावर डोकं हलकं झालं तरी चक्कर, घर गरगरलं तरी चक्कर, आणि 'चक्कर येऊन पडला' म्हणजे तर शुद्धच गेलेली असते. समोर डॉक्टर असले की खोदून विचारतात, पण स्क्रीनवर एकदा टिक केलं की मागे शब्द उरत नाही, कोड उरतो. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत व्हर्टिगो ३९९१५३००१ आणि डिझिनेस ४०४६४०००३, सरळ दोन वेगळ्या संकल्पना. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात मात्र दोन्ही आर ४२ या एकाच कोडखाली जातात, म्हणजे तिथलं वर्गीकरण आपल्या 'चक्कर'सारखंच ढोबळ.

माझ्या आत्याच्या केसपेपरवर नुसतं 'चक्कर' लिहिलेलं, दोनदा बीपी बघून झालं, नॉर्मल. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तुम्ही फिरता की घर फिरतं?" ती म्हणाली, "कूस बदलली की आढं फिरतं, डोळे मिटून गप पडलं की थांबतं." तेवढ्यावरून कानाचं दुखणं निघालं.

आता 'भोवळ'. यातला 'भोव' भोवऱ्यातलाच, त्यामुळे व्हर्टिगोला हा शब्द द्यायचा मोह होतो, पण वापरात बघा, 'भोवळ येऊन कोसळली' असंच जास्त ऐकू येतं. मूळ गरगरण्याचं आणि वापर पडण्याचा, म्हणून यादीत मुख्य शब्द म्हणून नकोच.

मी असं करीन: व्हर्टिगोला 'गरगरणे, आजूबाजूचं फिरल्यासारखं वाटणे', सिंकोपला 'थोड्या वेळासाठी शुद्ध हरपणे', आणि 'चक्कर' फक्त डिझिनेसला, कारण तो इंग्रजी शब्दही तेवढाच मोघम आहे. 'डोळ्यांपुढे अंधारी येणे' सिंकोपला जोडू नका हं, त्यात माणूस शुद्धीवर असतो, त्याची नोंद वेगळी.

स्नोमेडमध्ये एका संकल्पनेला कितीही समानार्थी शब्द जोडता येतात, भारतातलं ते काम पुण्याचं सीडॅक (सरकारी संगणक-संशोधन संस्था) बघतं. पण 'घेरी', 'भोवळ' कुणी टाइप केलं तर सॉफ्टवेअरने स्वतःच एक कोड न उचलता तिन्ही पर्याय पुढे ठेवावेत, आणि शेजारी एक मोकळा रकाना ठेवा, पेशंट म्हणाला तसंच्या तसं लिहायला.